दाजूंच्या घरचा भात

नेरच्या एसटी स्टँडसमोर जवळजवळ वर्षभर माझा एक फ्लेक्स लटकत होता. आमच्याकडं फ्लेक्सवर यायला फार काही करावं लागत नाही. वाढदिवस पुरतो. पुतण्या कुठल्या कमिटीवर गेला तरी काकाचा फोटो लागतो. मी मात्र खरंच काहीतरी केलं होतं, निदान बघणाऱ्याला तसं दिसत होतं. फोटोत मी भाताचं पातेलं घेऊन वाकलो आहे, समोर एक नेपाळी कुटुंब जमिनीवर बसलं आहे, एक लहान मुलगी ताट वर धरून माझ्याकडं बघते आहे. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं : 'नेपाळमधील गरीब कुटुंबास अन्नदान. तीन देशांची मोटार यात्रा गाजवणाऱ्या आमच्या मित्राचे हार्दिक अभिनंदन.'

फोटोत काही खोटं नाही. तो काढला तेव्हा माझ्या मनातही काही खोटं नव्हतं. पुढं जे झालं त्याची मला लाज वाटते, आणि ती कमी होत नाही म्हणून हे लिहायला बसलो आहे.

माझं नेरला कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. दिवसभर लोक विचारतात, बोंडअळीवर काय मारू, आणि मी सांगतो. पन्नाशी उलटली तरी मी नागपूरच्या पलीकडं फारसा गेलो नव्हतो. अशात आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी मोबाइलवर एक निरोप पाठवला. पुण्याची काही उत्साही मंडळी जुन्या गाड्यांची एक यात्रा काढत होती : नागपूरहून निघायचं, नेपाळ करायचं, उत्तर बंगालमार्गे भूतानच्या दारात पोचायचं. नाव रॅली, पण शर्यत नव्हती. उलट जो पहिला पोचेल त्यानं दंड म्हणून सगळ्यांना चहा पाजायचा असा नियम होता. गाडी जितकी खटारा तितके गुण जास्त. प्रत्येकानं गाडी सजवायची, वाटेत शाळांना दप्तरं वाटायची, आणि रोज संध्याकाळी 'आजचं सत्कर्म' म्हणून एक फोटो ग्रुपवर टाकायचा. त्यालाही गुण होते. मी बायकोला म्हटलं, हे आपल्यासारख्या रिकामटेकड्यांसाठीच आहे. ती म्हणाली, "तुमी रिकामे कधी असता? जा बापा, चार दिवस मले बी शांती."

गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही मला स्टँडजवळच मिळाले. माझ्या दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडं एका मिस्त्रीचं गॅरेज आहे. साठीचा माणूस, पांढरी दाढी, ग्रीसनं काळी झालेली बोटं, पाच वेळेच्या नमाजाचा पक्का आणि कामाला त्याहून पक्का. पूर्वी नेर-यवतमाळ रस्त्यावर काळी-पिवळी म्हणून धावलेली एक जीप त्यांनी घेऊन ठेवली होती. कागदपत्रं खासगीची केली होती, इंजिन उघडून बसवलं होतं, पण ती विकायला त्यांचा जीव होत नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "भाऊ, मी आजवर दुसऱ्याईच्याच गाड्या दूर जाताना पाह्यल्या. चाला." जीप आम्ही पोळ्याच्या बैलासारखी सजवली. बॉनेटवर रंगवलेली शिंगं, टपावर झूल, आरशांना घुंगरं, नंबरप्लेटच्या वर बेगड. मिस्त्री आधी नाही-नाही म्हणत होते, मग स्वतःच शिंगांना गोंडे लावून मोकळे झाले.

नागपूरला पोचलो तर बाकीच्यांनी आम्हाला मात दिली होती. बंगळुरूच्या चार इंजिनिअर पोरी लग्नातल्या बँडवाल्यांच्या वेशात आल्या होत्या. एका जर्मन म्हाताऱ्या जोडप्यानं गाडीच्या छतावर खाट बांधली होती. आम्ही जबलपूर, गोरखपूर करत सोनौलीला सीमा ओलांडली. भन्साराच्या कचेरीत, म्हणजे तिथल्या जकातीत, गाडीचा परवाना काढायला अर्धा दिवस गेला आणि शिपाई शिंगांसोबत फोटो काढून घेऊन गेला. तोवर सगळी मजाच होती. मिस्त्री गाडी चालवत, मी नकाशा बघत आणि चुकीचा रस्ता सांगत असे.

हेटौडा सोडून डोंगराची चढण लागली आणि तिसऱ्या वळणावर जीपनं श्वास सोडला. क्लचप्लेट जळाल्याचा वास मलासुद्धा कळला. बाकीच्या गाड्या पुढं निघून गेल्या होत्या. ढकलत ढकलत गाडी कडेला घेतली. मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "गेअरबॉक्स उतरवा लागते. इथं मी एकटा अन् तुमी." त्या 'अन् तुमी'त माझी किंमत त्यांनी नीट सांगितली होती.

तेवढ्यात वरच्या शेतातून एक माणूस उतरून आला. डोक्यावर नेपाळी टोपी, अंगात जुना स्वेटर, पायात रबरी बूट. शिंगांकडं बघून तो हसला नाही. सरळ मागं गेला, बेगड बाजूला करून नंबरप्लेट वाचली आणि हिंदीत विचारलं, "महाराष्ट्र? अमरावती पता है?" त्याचा थोरला मुलगा अमरावतीला चायनीजच्या गाडीवर स्वयंपाक करत होता. अमरावती आमच्यापासून दीड तासावर आहे म्हटल्यावर त्या माणसानं माझे दोन्ही हात धरले. मुलाला तीन वर्षं पाहिलं नव्हतं. आम्ही जणू त्याच्या गल्लीतून आलो होतो.

पुढचे दोन दिवस आम्ही त्याच्या घरी होतो. तिकडं थोरल्या भावाला दाजू म्हणतात. मिस्त्री आणि मी दोघंही त्याला दाजू म्हणू लागलो, तो मला भाइ, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणू लागला. घर मातीचं, वर पत्रे, खाली ओटीवर बटाट्याचे ढीग. घरात त्याची बायको, सून आणि आठेक वर्षांची नात. थंडी अशी, की माझे दात वाजत होते. त्यांनी आपल्या अंथरुणावरच्या दोन जाड सिरका, म्हणजे रजया, काढून आम्हाला दिल्या, आणि स्वतः घोंगड्यांवर भागवलं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. कळल्यावरही मी सिरक परत केली नाही, फक्त 'अरे, काहून' म्हटलं.

पहाटेच्या पहिल्या बसनं दाजू जळकी क्लचप्लेट पिशवीत घेऊन हेटौड्याला गेले आणि दुपारी नवी घेऊन आले. मग ते आणि मिस्त्री दोघं जीपखाली आडवे झाले. शेजारचे दोन जण मदतीला आले. मी बॅटरी धरून उभा होतो. गेअरबॉक्स चढवताना दाजूंच्या खांद्याला खरचटलं, त्यावर त्यांच्या बायकोनं हळद लावली. मिस्त्रींना काय खाता, काय नाही हे पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. कोंबडा कापायची वेळ आली तेव्हा दाजूंनी सुरी त्यांच्याच हातात दिली आणि स्वतः अंगणाबाहेर जाऊन उभे राहिले. मिस्त्री त्या गोष्टीबद्दल अजून बोलतात.

निघायच्या दिवशी दुपारी जेवण झालं. भात, काळी डाळ, राईचा पाला, बटाटे, कोंबडा, आणि वाळवलेल्या आंबट पाल्याचं, गुंद्रुकाचं, पाणीदार कालवण. मी ते तीन वेळा मागून घेतलं. आधी आम्हा पुरुषांना वाढलं. घरच्या बायका, नात मागं थांबल्या. आता आमच्याकडं, भंडारा असो की लग्न, जेवून उठलेला माणूस पातेलं उचलतो आणि पुढच्या पंगतीला वाढायला लागतो. पाहुण्यानं वाढायला घेणं हा घरच्यांचा मान असतो. मला दुसरं काही देता येत नव्हतं. मी पातेलं हातात घेतलं आणि म्हटलं, आता तुम्ही बसा, मी वाढतो. दाजूंची बायको लाजली, सून हसायला लागली, दाजू स्वतःही पुन्हा बसले. नातीनं ताट वर धरलं. मी मिस्त्रींना म्हटलं, एक फोटो काढा बरं.

तो हा फोटो. भात त्यांचा, पातेलं त्यांचं, कोंबडा त्यांचा. माझं त्यात फक्त वाकणं होतं.

निघताना मी दाजूंच्या हातात माझ्या दुकानाचं कार्ड दिलं. म्हटलं, अमरावतीला आलात तर नेरला यायचंच, माझ्या घरी जेवल्याशिवाय जायचं नाही. हे मी मनापासून म्हटलं होतं, आणि दाजूंनीही ते मनापासून ऐकून कार्ड टोपीच्या आत ठेवलं.

गाडी पुढं लागली, मोबाइलला रेंज आली. दोन दिवसांचं सत्कर्म बाकी होतं आणि गुणांच्या यादीत आम्ही तळाला होतो. मी तो फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आज यांना वाढलं.' अक्षरशः एवढंच. संध्याकाळपर्यंत पुण्याच्या कुणीतरी बाईंनी त्यावर लिहिलं होतं, गाडी बंद पडलेली असतानाही डोंगरातल्या गरिबांना जेवू घालणाऱ्या विदर्भाच्या बैलगाडीला सलाम. खाली टाळ्यांची रांग. जर्मन म्हाताऱ्यांनीसुद्धा हात जोडलेलं चित्र टाकलं. त्या क्षणी मी 'अहो, उलटं आहे' असं दोन शब्दांत लिहू शकलो असतो. मी मोबाइल खिशात ठेवला. थोड्या वेळानं काढून पुन्हा बघितला, टाळ्या वाढल्या होत्या.

सिलिगुडी करून आम्ही जयगावला पोचलो. तिसरा देश म्हणजे भूतान, तर त्यातलं आम्ही वेशीपलीकडचं फुंत्शोलिंग तेवढं पाहिलं, चहा प्यालो आणि परत आलो. जयगावच्या हॉटेलात बक्षिसं वाटली. सत्कर्माचा पहिला नंबर आमचा. एक पितळी लोटा आणि गळ्यात रेशमी पट्टा. स्टेजवरून गोष्ट सांगितली गेली, मी मान खाली घालून हसलो. खोटं बोलायची पाळीच आली नाही, गप्प राहून काम भागलं. मिस्त्रींनाही वर बोलावलं तर ते पोट दुखतं म्हणून बाहेर निघून गेले.

परतीच्या वाटेवर मिस्त्री गाडी चालवत होते. बिहारात कुठंतरी, फाटक बंद होतं म्हणून गाडी थांबली तेव्हा समोर बघत म्हणाले, "भाऊ, चावल तं त्याईचेच होते ना?"

मी चिडलो. माझा स्वभावच तसा आहे, चूक दाखवली की आधी राग येतो. म्हटलं, "मिस्त्री, तुमी गाडी पाहा."

त्यांनी गाडी पाहिली. नेरपर्यंत त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

गावात पोचलो तर फ्लेक्स आधीच लागला होता. अध्यक्षांनी ग्रुपवरचा फोटो घेऊन छापायला टाकला होता. मला तो उतरवायला सांगायचं होतं असं मी आता म्हणेन, पण खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मी चहाच्या निमित्तानं त्याच्यासमोरून तीनदा गेलो. मग सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, 'आपलं मनोगत'. राळेगावच्या एका शाळेत मी सांगितलं की त्या घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती. पुढच्या ठिकाणी गाडी मीच दुरुस्त केली. फुलसावंगीला तर मी बर्फ पाडला. पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती आणि बोलताना मला ते घर खरंच तसं दिसायला लागलं होतं, उपाशी, अंधारं, माझी वाट बघत बसलेलं. मिस्त्रींना पहिल्या दोन सत्कारांना बोलावलं. ते म्हणाले, गाड्या पडल्या आहेत. तिसऱ्यापासून मी बोलावणं बंद केलं. बायकोनंही माझ्या तोंडून तीच गोष्ट ऐकली होती. ती शेजारच्या बायांना सांगायची, हे वरून कडक आहेत, आतून नाहीत. ते ऐकून मी पेपर उघडून तोंडापुढं धरायचो.

दिवाळी झाली, कापसाच्या गाड्या बाजारात यायला लागल्या. स्टँडसमोरचा फ्लेक्स फाटायला आला होता म्हणून मी त्यातला चांगला भाग कापून दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर लावून घेतला होता. एका सकाळी अकराच्या सुमारास दुकानात अध्यक्ष बसले होते, तुरीच्या फवारणीचं विचारायला दोन शेतकरी आले होते. मी डबा खाली काढून मान वर केली, आणि बाहेर उन्हात ती टोपी दिसली.

दाजू होते. सोबत तिशीचा एक माणूस, तोंडावळा तोच. मुलगाच असणार. दाजूंच्या हातात माझं कार्ड होतं आणि पायाशी एक पिशवी. ते दुकानाचं नाव ताडून बघत होते आणि तसं बघता बघता त्यांची नजर भिंतीवर गेली.

मला अजूनही वाटतं की मी तेव्हा धावत जाऊन त्यांना मिठी मारली असती, भिंतीकडं पाठ करून उभं केलं असतं, तर वेळ निभावली असती. मी हातातला डबा घेऊन काउंटरमागंच उभा राहिलो. दाजूंनी आधी फोटो ओळखला. हसले. बायकोकडं, सुनेकडं, नातीकडं बोट करून मुलाला दाखवलं. मग त्यांचे ओठ हलायला लागले. ते खालची ओळ वाचत होते.

त्यांना वाचता येणार नाही असं वाटलं होतं, असं म्हणायची सोय मला नाही. नातीचं पुस्तक मीच त्या घरात हातात घेतलं होतं. अक्षरं आपलीच. मी नेपाळी वाचून दाखवत होतो आणि माझ्या उच्चारांना ती पोट धरून हसत होती. गरीब हा शब्द तिकडंही गरीबच आहे. कुटुंब तेच, आणि अन्नदानही तेच. दाजूंनी ती ओळ एकदा वाचली, मग मुलाकडं न बघता पुन्हा वाचली. त्यांचं बोट खाली आलं.

अध्यक्षांनी माझ्या नजरेच्या रोखानं बाहेर पाहिलं. "कोण पाहुणे हो हे?" म्हणत उठले, फोटोकडं आणि दाजूंकडं आळीपाळीनं पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "अरे, हे तं तेच होय ना? ज्याईले तुमी जेवू घातलं?"

दाजू दारात आले होते. मुलाला अमरावतीत राहून मराठी कळत होती, ते त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं. मला एक शब्द बोलायचा होता. नाही म्हणायचं, किंवा सगळंच सांगायचं. दुकानात चार माणसं होती, चार गावच्या पंचायती नव्हत्या.

मी म्हटलं, "हो."

मग अध्यक्षांना आवरणं कुणाच्या हातात राहिलं नाही. समोरच्या हॉटेलातल्या देवाच्या फोटोचा हार आला. वार्ताहराला फोन गेला. "पाहा, एवढ्या दुरून आभार मानाले आला माणूस," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते. दाजूंच्या गळ्यात हार पडला, मला त्यांच्या शेजारी उभं केलं, मागं तोच फ्लेक्स. तो नवा फोटो पुढं दोन दिवसांत चौकात लागला. दाजू सगळ्यांना नमस्कार करत होते. त्यांचा मुलगा तेवढा पायरीच्या खाली उभा राहून माझ्याकडं एकटक बघत होता.

"दाजी, दो शब्द बोलिये," दाजूचं दाजी करत अध्यक्ष म्हणाले आणि मोबाइल त्यांच्या तोंडापुढं धरला. "इन्होंने आपके लिए क्या किया, बोलिये."

दाजूंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, हेच मला सहन झालं नाही. कुणाच्या घरी जाऊन त्याचं फुटकं भांडं दिसावं आणि आपण दुसरीकडं बघावं, तसं ते बघत होते. मग मोबाइलकडं तोंड करून सावकाश म्हणाले, "हाँ जी. इन्होंने खिलाया. मेरे घर में, सबको, अपने हाथ से खिलाया."

टाळ्या वाजल्या. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. मी दहा महिने जे केलं ते त्यांना एका वाक्यात मोडता आलं असतं, आणि त्यांनी ते माझ्यासाठी झाकून घेतलं. डोंगरात त्यांनी मला ठेवून घेतलं होतं, आता माझ्याच दुकानाच्या पायरीवर पुन्हा ठेवून घेतलं.

गर्दी पांगली तशी मी बायकोला फोन केला, पाहुणे आलेत, पातोडीची भाजी कर, चार पानं. तिनं कोण पाहुणे हेही विचारलं नाही, हो म्हणाली. मग मी दाजूंकडं वळून हिंदीत म्हटलं, घरी चला, जेवायचं तयार होतंय.

दाजूंनी हार काढून काउंटरवर ठेवला. म्हणाले, "नहीं भाई साब. हम खा के निकले हैं."

अमरावतीहून गाडी नऊला सुटते, तेव्हा कोण जेवून निघतं. मी पुन्हा म्हटलं. ते पुन्हा तेच म्हणाले, तितक्याच नम्रपणे. तिकडं मी त्यांचा भाइ होतो, इथं भाई साब झालो. त्यांनी पिशवीतून एक पुडकं काढून माझ्या हातात दिलं. वाळवलेला गुंद्रुक होता, मला आवडला होता म्हणून त्यांच्या बायकोनं पाठवलेला. मग विचारलं, "मिस्त्री दाजू कहाँ मिलेंगे?" मी रस्त्यापलीकडं बोट केलं.

दुकानातून मला सगळं दिसत होतं. मिस्त्री एका ट्रॅक्टरखाली होते. आवाज ऐकून बाहेर सरकले, चिंधीला हात पुसले, पुसून झाल्यावरही ग्रीस लागेल म्हणून हात लांब धरूनच त्यांनी दाजूंना मिठी मारली. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. ट्रॅक्टरवाल्याला काहीतरी सांगितलं, गॅरेजचं शटर दिवसाढवळ्या खाली ओढलं आणि तिघं त्यांच्या मोहल्ल्याच्या दिशेनं चालत गेले. माझ्याकडं कुणी बघितलं नाही.

मी एकटाच घरी गेलो. बायकोनं चार ताटं मांडली होती, नेहमीची स्टीलची नाही, कपाटातली. पातोड्या कापून झाल्या होत्या, रस्सा उकळत होता. "पाहुणे कुठं हायेत?" तिनं विचारलं.

मी सांगायला लागलो तेव्हा मला वाटलं होतं की दोन वाक्यांत आटपेल. आटपलं नाही. सिरकांपासून सुरुवात करावी लागली. मग हेटौड्याची बस, दाजूंचा खांदा, भात कुणाचा होता ते, जयगावचा लोटा, राळेगावची न पेटलेली चूल, फुलसावंगीचा बर्फ. मधे एकदा मी म्हटलं की सुरुवात मी केली नव्हती, ग्रुपवरच्या बाईंनी केली. तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं आणि मी ते सोडून पुढचं सांगायला लागलो. आज सकाळी मी 'हो' म्हटलं तिथपर्यंत आलो तेव्हा तिनं गॅस बंद केला.

"अन् हे मी साऱ्या आळीत सांगत हिंडली," ती म्हणाली.

ती उठली, मोठा डबा काढला, भाजी भरली, पोळ्या कपड्यात गुंडाळल्या, भात वेगळा घेतला. साडी बदलली. गाडीची चावी घेतली तेव्हा मला कळलं ती कुठं निघाली आहे.

"मी बी येतो," मी म्हटलं.

"तुमी नोका येऊ," ती म्हणाली. दारात थांबून पिशवी नीट धरली आणि गेली.

मांडलेल्या ताटांसमोर मी किती वेळ बसलो माहीत नाही. भूक लागली होती, हेही खरं आहे. लाज वाटत असताना भूक लागत नाही असं लोक म्हणतात, मला लागली, आणि त्याचीही लाज वाटली. उठून जेवायची हिंमत मात्र झाली नाही.

चारच्या बसनं पाहुणे गेल्यावर ती परतली. डबा रिकामा होता. तिनं तो घासायला टाकला, हात पुसले आणि माझ्याकडं पाठ करून ओट्याशी उभी राहिली. मी विचारलं, जेवले का.

"जेवले. पोटभर जेवले," ती म्हणाली. "मिस्त्रीच्या घरचं बी अन् आपल्या घरचं बी. तुमची तब्येत विचारली. दुकान कसं चालते विचारलं."

"आणखी काय म्हणाले?"

तिनं मांडलेली चार ताटं उचलून कपाटात ठेवली.

"तुमच्याबद्दल एक शब्द वाईट नाही बोलला तो माणूस," ती म्हणाली. "बोलला असता तं बरं झालं असतं."